एका गावातल्या दोन नद्या



व्याख्यानमालेत डॉक्टरला बोलावले की मधुमेह नाहीतर रक्तदाब हाच विषय निघतो. मी पाणी हा विषय मागून घेतला. होमिओपॅथीवाल्याने पाण्यावर बोलावे याचे काहींना हसू येईल. हसा, चाळीस वर्षे ती थट्टा ऐकत आलो आहे.

आपल्या बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे निघालो की तासा-दीड तासात कणकुंबी येते. तिथे माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कुडलसंगमला कृष्णेला मिळते. त्याच गावाच्या शिवारातला कळसा नाला मात्र पश्चिमेला उतरतो आणि म्हादईला मिळतो. म्हादई पुढे गोव्यात मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला भेटते. एकाच गावातला पाऊस कुठल्या उतारावर पडला यावर तो बंगालच्या उपसागरात जाणार की अरबी समुद्रात हे ठरते. शाळेत 'पाणलोट' हा शब्द पाठ केला होता, त्याचा अर्थ मला तिथे उभे राहिल्यावर कळला.

कळसा आणि नेरशाजवळचा भांडुरा या दोन नाल्यांचे पाणी वळवून मलप्रभेत सोडायचे, ही ती योजना. 2006 साली कणकुंबीत खोदकाम सुरू झाले. गोव्यात निर्मलाताई सावंत, राजेंद्र केरकर अशा मंडळींनी म्हादई बचाव अभियानाच्या माध्यमातून लढा चालवला. केरकरांनी तर सत्तरीतली गावे पायाखाली घालून या नदीबद्दल मराठीत सातत्याने लिहिले. 2010 साली लवाद नेमला गेला, 2018 च्या ऑगस्टमध्ये निवाडा आला. कर्नाटकाच्या वाट्याला 13.42 टीएमसी पाणी आले. त्यातले 3.9 टीएमसी वळवण्यासाठी आहे: कळशाचे 1.72 आणि भांडुऱ्याचे 2.18. निवाडा कोणालाच पटला नाही, आणि तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला.

दुसरी बाजू सांगितली नाही तर तो अन्याय होईल. नरगुंदचे शेतकरी 2015 च्या जुलैपासून याच पाण्यासाठी धरणे धरून बसले. हुबळी-धारवाडच्या घराघरांत बायका नळाची वाट पाहतात. माझे निम्मे रुग्ण कानडी बोलतात. आमच्या घरात मराठी, बस्तीत कानडी. त्यामुळे गोव्याचे बरोबर की धारवाडचे, असे कोणी विचारले की मी गप्प होतो. तहान खोटी नसते. पण मलप्रभेचे धरण का भरत नाही, हा प्रश्न आधी विचारायला हवा. रोगी आला की आम्ही 'कधीपासून' आणि 'कशाने' हे विचारतो. गेल्या पिढीत खानापूर, कित्तूर, बैलहोंगल भागात ऊस किती वाढला, हे तुमच्यातल्या शेतकऱ्यांनी पाहिले आहे. उगमाकडचे रान किती विरळ झाले, हे रस्त्यावरूनही दिसते. नदीचे स्वतःचे पाणी जिथून येते ते रान मोडायचे आणि शेजारच्या नदीचे पाणी आणायचे, याला मी उपचार म्हणणार नाही. शिवाय ते पाणी ज्या रानातून आणायचे, तेच रान मलप्रभेचाही पाऊस धरून ठेवते.

त्या रानाबद्दल थोडे सांगतो. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झाले, सुमारे 190 चौरस किलोमीटरचे. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचे वटवाघूळ राहते, जगातले अतिशय दुर्मिळ. पलीकडे गोव्याचे म्हादई अभयारण्य आहे, 1999 पासूनचे. वाघाला यातली सीमा दिसत नाही.

आता एक कबुली. दहा-बारा वर्षांपूर्वी त्या रस्त्यालगत फार्महाऊससाठी पाच गुंठ्यांचा तुकडा मीच घ्यायला निघालो होतो. इसारही दिला होता. निवृत्तीनंतर झाडांत राहावे, एवढीच इच्छा. सपाटीकरणासाठी जेसीबी लागला, तेव्हा मी तिथे होतो. बांधाखालून एक बारीक झरा वाहत होता, तो दुपारपर्यंत मातीखाली गेला. शेजारच्या वाडीतली एक म्हातारी बघत उभी होती. ती माझी जुनी रुग्ण निघाली, सांधेदुखीची. म्हणाली, "डॉक्टर, आमी भांडी खंय घासूची आता?" मी इसार सोडून दिला. पण झरा काही परत आला नाही. धरणाविरुद्ध बोलताना मला तो आठवतो, म्हणून आवाज फार चढवत नाही.

माझी आजी विहिरीचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची. आम्हा जैनांच्या घरात हे सगळीकडेच. पण बाकीच्यांना माहीत नसते ते पुढचे. फडक्यावर राहिलेले सूक्ष्म जीव मोरीत टाकायचे नाहीत. थोड्या पाण्याने फडके धुऊन ते पाणी परत त्याच विहिरीत सोडायचे, तेही वरून ओतायचे नाही. भांडे पाण्यापर्यंत उतरवून हलकेच उलटे करायचे. त्याला जिवाणी म्हणतात. एकदा मी आळसाने शेजाऱ्यांच्या आडात ओतली, तर आजीने दिवसभर बोलणे टाकले. ज्या पाण्यातले जीव, ते त्याच पाण्यात जगतात, एवढेच तिचे म्हणणे. म्हादईतला मासा, तिच्या काठचे कुळागर, मांडवीच्या मुखाशी खारट-गोड पाण्याचा ठरलेला मेळ, हे सगळे त्याच पाण्यावर जगते.

2023 च्या जानेवारीत, जनमत कौलाच्या दिवशी, गोव्यातली माणसे म्हादईसाठी मोठ्या सभेला जमली. बेळगाव-खानापुरातूनही विरोधाचा आवाज उठला आहे, पण तो क्षीण आहे. आपण सीमाभागातली माणसे, हक्काच्या भाषेत तयार झालेलो. पाणी कुठल्या राज्याचे, हा प्रश्न आपल्या जिभेवर लगेच येतो. कणकुंबीच्या रानाची बाजू कोणी मांडायची, तर ज्यांना मराठी, कानडी आणि कोकणी तिन्ही समजते त्यांनीच, आणि ती माणसे या सभागृहात बसली आहेत.

पावसाळा संपला की मी कणकुंबीला जाणार आहे. चार-पाच वाड्यांत विहिरींचे पाणी कोणत्या महिन्यात किती हातांवर असते, याची नोंद तिथल्या शाळेतल्या मुलांकडून वर्षभर ठेवून घ्यायची आहे. दोर आणि वह्या मी आणतो. शनिवारी ज्यांना मोकळीक आहे, त्यांनी बाहेर माझ्याकडे नाव द्यावे. जळवा फार असतात, पायमोजे जाड घाला.