देवाच्या देणग्यांचा कारभार



ख्रिस्ती मंडळींत उपकारस्तुतीची प्रार्थना करण्याचा एक जुना परिपाठ आहे. मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला, मुलीला नोकरी लागली, नवें घर बांधून झालें, पीक बरें आलें, आजारी मनुष्य अंथरुणांतून उठला, म्हणजे पाळकांना बोलावणें जातें, शेजारीपाजारी जमतात, दोन गीतें म्हटलीं जातात, आणि देवानें आम्हांस आशीर्वादित केलें असें यजमान भरल्या अंतःकरणानें सांगतो. हा परिपाठ चांगला आहे. तो मोडावा असें कोणीही म्हणणार नाहीं. पण फराळपाणी आटोपून पाहुणे आपापल्या घरीं गेले, म्हणजे एक प्रश्न मागें उरतो आणि तो फारसा कोणी विचारीत नाहीं. हा आशीर्वाद मिळाला तो कशासाठीं? आज मला याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तो मी ख्रिस्ती शास्त्राच्या आधारें करणार असलों, तरी ज्याच्या घरीं चार दाणे अधिक आहेत अशा कोणत्याही श्रोत्याला तो अगदींच परका वाटेल असें नाहीं.

उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायांत देव अब्राहामाला आशीर्वाद देतो. पण त्याच वचनांत, तुझ्या द्वारें पृथ्वीवरील सर्व कुळांचें कल्याण होईल, अशा अर्थाचीही ग्वाही आहे. देणगी व तिचें प्रयोजन हीं दोन्ही एकाच वेळीं हातीं दिलीं गेलीं. आपण मात्र पहिला भाग मोठ्यानें वाचतों व दुसऱ्याशीं पान उलटतों.

नव्या करारांत या प्रयोजनासाठीं एक शब्द आला आहे, तो 'कारभारी' हा. पौलानें करिंथकरांस लिहितांना व पेत्रानें आपल्या पहिल्या पत्रांत तो वापरला आहे. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाहीं. पूर्वीं संस्थानांतून कारभारी असत. तिजोरीच्या किल्ल्या कारभाऱ्याच्या कमरेला, सहीशिक्का त्याच्या हातीं, नोकरचाकर त्याच्या हुकुमांत. परंतु तिजोरींतला एक रुपयाही त्याचा नव्हे. आमच्या खेड्यापाड्यांतून बायका नवऱ्याला आजही 'कारभारी' म्हणून हाक मारतात. ती हाक ऐकून पुरुषमंडळी सुखावतात. तिच्यांत हिशेब देण्याची जबाबदारीही आहे हें त्यांच्या ध्यानांत येतें कीं नाहीं, न कळे.

या कारभाराचा सर्वांत प्रसिद्ध दृष्टांत मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. धनी परदेशीं जातांना तीन चाकरांपाशीं ठेव ठेवून जातो. आपल्या ओळखीच्या मराठी भाषांतरांत पांच हजार, दोन हजार व एक हजार रुपये असे आंकडे आहेत, आणि त्यामुळें तिसऱ्या चाकराला अगदींच थोडकें मिळालें असा आपला समज होतो. मूळ शब्द 'तालांत' असा आहे. तालांत हें चांदीचें वजन. एका तालांताचे सुमारें सहा हजार दीनार होत, आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाचे तीनशें दिवस कामाचे धरले, तर एक तालांत म्हणजे मजुराची वीस वर्षांची कमाई झाली. ज्याला सर्वांत कमी मिळालें त्यालाही इतकें मिळालें होतें! 'मजपाशीं आहेच काय' असें म्हणणाऱ्यानें हें गणित एकदां पाटीवर मांडून पाहावें.

आणि त्या चाकरानें केलें तरी काय? त्यानें पैसा उधळला नाहीं, जुगारांत घातला नाहीं, चोरलाही नाहीं. त्यानें तो जमिनींत पुरला. त्या काळीं पैसा पुरून ठेवणें ही सुरक्षिततेची मानलेली रीत होती. आपल्याकडेही चुलीखालीं व भिंतींत मोहोरा पुरणारे पूर्वज थोडे नव्हते. लोकव्यवहारांत त्याला कोणी दोष दिला नसता. तरी धन्यानें त्याला आळशी म्हटलें. देणगीचा अपव्यय करणारांवर आपण पुष्कळ प्रवचनें ऐकतों. ती कुलुपांत ठेवणारावर फार थोडीं.

विद्या ही देणगी घेऊं. आपल्या महाराष्ट्रांत तिचा कारभार पंडिता रमाबाईंनीं जसा केला, तसा दुसऱ्या कोणीं केल्याचें मला माहीत नाहीं. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा विरोध सोसून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविलें आणि त्या माउलीनें तें मुलीला दिलें. तीर्थयात्रेंत पुराणें सांगत हिंडणाऱ्या या कुटुंबाची दुष्काळानें अन्नान्नदशा केली; आईबाप व बहीण यांचा अंत रमाबाईंना डोळ्यांनीं पाहावा लागला. उरलीं तीं भावंडें पायीं फिरत कलकत्त्यास पोचलीं. तेथें १८७८ सालीं विद्वानांनीं या तरुण बाईला 'पंडिता' व 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. त्या पदव्यांवर मानाचें जीवन सुखानें चाललें असतें.

पुढें विवाह झाला आणि थोड्याच काळांत, १८८२ सालीं, वैधव्य आलें. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती दीक्षा घेतली, मग अमेरिकेंत गेल्या, आणि १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें. त्या पुस्तकानें व त्यांच्या व्याख्यानांनीं जो पैसा व जी सहानुभूति मिळविली, तिच्यांतून १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडलें; पुढच्याच वर्षीं तें पुण्यास गेलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून उपाशी मुली व विधवा त्यांनीं शेंकड्यांनीं आणिल्या आणि केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें. जिनें स्वतः भूक भोगली तिला भुकेल्यांची ओळख निराळी करून द्यावी लागली नाहीं. दुःखाचीही कोणाला ठेव असूं शकते, हें मला त्यांच्याच चरित्रावरून प्रथम उमगलें.

परंतु मला विशेष सांगावयाचें आहे तें पुढेंच. केडगांवीं मुलींना नुसतें जेवूं घातलें नाहीं. त्या शेत पिकवीत, माग चालवीत, शिवण शिवीत, दूधदुभतें सांभाळीत. अंधळ्या मुलींना बोटांनीं वाचावयाची ब्रेल लिपी शिकविली जाई. छापखानाही मुलींच्याच हातीं होता. रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर हातीं घेतलें आणि तें याच मुलींनीं छापलें. १९२२ च्या एप्रिलांत रमाबाई निवर्तल्या. १९२४ सालीं तो ग्रंथ बाहेर पडला. ज्या बाईला संस्कृत मुखोद्गत, तिनें जाणूनबुजून जड संस्कृत शब्द टाळले, कां तर खेड्यांतल्या अल्पशिक्षित बाईला तो वाचतां यावा. उभ्या आयुष्याची मास्तरकी केलेल्या माणसाला याचें मोल अधिक कळतें. पुष्कळ विद्वान् आपल्या विद्येनें ऐकणाऱ्याला त्याचें अज्ञान जाणवून देतात. येथें विद्याच खालीं बसली, ऐकणारीच्या शेजारीं.

आतां पैसा. या विषयावर अठराव्या शतकांतील इंग्लंडचे धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्याइतका रोखठोक मनुष्य विरळा. त्यांचा स्वतःचा हिशेब असा सांगितला जातो कीं, एका वर्षीं प्राप्ति तीस पौंड झाली, तेव्हां अठ्ठावीस पौंडांत निर्वाह करून दोन त्यांनीं दान केले. पुढच्या वर्षीं प्राप्ति साठ झाली. निर्वाह अठ्ठावीसांतच, दान बत्तीस. मग नव्वद, मग एकशें वीस. अठ्ठावीसाचा आंकडा हलला नाहीं. आपल्याकडे पगार वाढला कीं गरजा त्याच्या आधींच वाढून उंबऱ्यावर उभ्या असतात. याच वेस्लींनीं म्हातारपणीं एक भीति बोलून दाखविली होती. धर्मानें माणसें उद्योगी व काटकसरी होतात. उद्योग व काटकसर यांनीं धन येतें. आणि धन आलें कीं तोच धर्म मंदावतो. यावर उपाय त्यांना एकच दिसत होता, तो म्हणजे मिळवितां येईल तितकें मिळविणारानें व वांचवितां येईल तितकें वांचविणारानें देतां येईल तितकें देणें.

काटकसरीवरून आठवलें. पांच भाकरी व दोन मासळ्या यांवर पांच हजार पुरुष जेविले त्या प्रसंगीं, उरलेले तुकडे वेंचून घ्या, कांहीं फुकट जाऊं देऊं नका, असें प्रभूनें शिष्यांना सांगितल्याचें योहान लिहितो. बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या शब्दानें भाकरी वाढत होती त्याला तुकड्यांची काय पर्वा, असें आपल्याला वाटेल! आमच्या लग्नांतून हल्लीं भरलीं ताटें टाकून उठणारे वऱ्हाडी पाहिले, म्हणजे त्या टोपल्या घेऊन कोणीतरी मांडवाच्या दाराशीं उभें राहावें असें वाटतें.

भीति वेस्लींची, पण ती आपल्या दारापर्यंत आली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील दुष्काळांच्या काळांत व त्यानंतर नगरकडच्या गांवांतून गांवकुसाबाहेरचीं कितीतरी कुटुंबें ख्रिस्ती झालीं. त्यांच्या मुलांना मिशनच्या बोर्डिंगांत अन्नवस्त्र व अक्षर मिळालें. त्यांतून शिक्षक झाले, सुवार्तिक झाले, परिचारिका झाल्या. तुटपुंज्या वेतनावर खेड्यांत राहून एकाच खोलींत सकाळीं शाळा व रात्रीं भजन चालविणारी ती पिढी होती. तिचीं नातवंडें-पणतवंडें आज पुण्यामुंबईस, कोणी परदेशांत, चांगल्या हुद्द्यांवर आहेत. देवानें आम्हांस वर काढलें असें तीं म्हणतात, आणि तें खरें आहे. पण ज्या शिडीनें आपण वर आलों ती वर ओढून घेतली कीं खालीं राहूं दिली, हा प्रश्न मला टाळतां येत नाहीं.

कारण तीं खालचीं मुलें अजून आहेत. मी ज्या भागांत शिकविलें तेथें दिवाळी झाली कीं वर्गांतलीं बाकें रिकामीं होऊं लागत. आईबाप ऊसतोडीस कारखान्यावर निघत, त्यांच्यामागें पोरेंही जात, आणि उन्हाळा तोंडावर आल्यावर परतत, तोंवर अक्षर पुसून गेलेलें असे. सरकारनें हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे, तिचा उपयोगही होतो. पण गांवीं मागें राहिलेल्या मुलाला सांजवेळीं दिवा, भिंत आणि 'पाढा म्हण' असें म्हणणारें माणूस लागतें, तें कोणत्याही योजनेंत पुरतें येत नाहीं.

आणि आमच्या मंडळ्यांपाशीं काय आहे? जुन्या मिशनांनीं मागें ठेवलेलीं आवारें आहेत, चिंचेचीं व कडुनिंबाचीं झाडें आहेत, दगडी खोल्या आहेत. त्यांतल्या कित्येक खोल्यांना कुलूप आहे. कित्येकांवर दोन पक्षांचा दावा चालू आहे. तारखा पडतात, वकिलांची फी जाते, छपराचीं कौलें गळतात. दानपेटींत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेच्या देशांतून कोणी येऊन या आवारांत उभा राहिला, तर त्याला आम्ही काय दाखविणार? हें मी कोणा एका मंडळीला उद्देशून बोलत नाहीं. ज्याला टोचेल त्याची ती.

पैशाच्या कामांत पौल किती जपत असे हें पाहण्याजोगें आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठीं जमविलेली वर्गणी पोंचवितांना, आपल्यावर कोणी बोट ठेवूं नये म्हणून, मंडळ्यांनीं निवडलेले दुसरे बंधु त्यानें बरोबर घेतले. प्रेषिताला जें आवश्यक वाटलें तें आमच्या पंचांना अपमानकारक कां वाटावें?

कापणीच्या सणाचा मी येथें मुद्दाम उल्लेख करतों. त्या दिवशीं लोक गहूं, ज्वारी, भाजी, अंडीं, कोंबडीं देवळांत आणतात व नंतर त्यांचा लिलाव होतो. फार गोड सण! (घरांतली जी कोंबडी अंडीं देईनाशी झाली तीच बहुधा देवळांत येते, हें सर्वांना ठाऊक आहे. आंधळीं-लंगडीं जनावरें वेदीवर आणणारांवर मलाखी संदेष्टा रागावला होता, तेव्हां ही खोड आजची नव्हे.) मिझोरामांतील ख्रिस्ती बायकांनीं विसाव्या शतकाच्या आरंभापासून रोजच्या स्वयंपाकाच्या तांदळांतून एक मूठ देवासाठीं बाजूला काढण्याची रीत चालविली आहे. त्या मुठींवर तेथील मंडळीचें केवढें तरी काम उभें आहे. वर्षांतून एक दिवस कोंबडी देण्यापेक्षां ही रोजची मूठ मला अधिक कठीण व अधिक खरी वाटते.

माझ्यासारख्या निवृत्त माणसांपाशीं मूठभर धान्याहूनही एक वस्तु अधिक आहे, ती म्हणजे वेळ. निवृत्तिवेतन महिन्याला येतें, सकाळचें वर्तमानपत्र दहाला संपतें, आणि नंतर दिवस सरतां सरत नाहीं अशी तक्रार मी पारावर नित्य ऐकतों. ज्या आवारांतल्या खोलीवर दावा नाहीं, तेथील पंचांनीं तिची किल्ली मंडळींतल्या अशा दोन निवृत्त शिक्षकांच्या हातीं द्यावी. ख्रिस्ती कोण, हिंदु कोण, मुसलमान कोण हें न विचारतां गांवांतलीं मुलें सायंकाळीं दीड तास तेथें बसावीं. येत्या सणाच्या लिलावांतून एक वाटा दिव्यासाठीं, खडूसाठीं व वह्यांसाठीं निराळा काढावा, आणि तो कसा खर्चिला हें दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं, उपासना संपल्यावर, सर्वांदेखत वाचून दाखवावें. खडूच्या पेटीची किंमतसुद्धां.