‘हॅरोइंग’ : एका इंग्रजी विशेषणाचें मर्म

इंग्रजी वृत्तपत्रांत भूकंपाची अथवा दुष्काळाची हकीकत येते, तेव्हां तिला पुष्कळदां ‘हॅरोइंग’ हें विशेषण लाविलेलें आढळतें. त्याचा अर्थ केवळ ‘दुःखद’ एवढाच घेतला, तर त्यांतील धार हरवते. ‘हॅरो’ हें शेतीचें औत. नांगरलेल्या जमिनीवरून तें ओढलें म्हणजे त्याचे दांते ढेंकळें फोडीत जातात. महाराष्ट्रांत हें काम कुळव करतो. मात्र कुळवाला दांत्यांऐवजीं पास असते. हें औत मनावर फिरल्याचें प्रसिद्ध उदाहरण सुमारें १६०० सालच्या शेक्सपियरकृत ‘हॅम्लेट’ नाटकांत आहे. मृत राजाचा पिशाच्चरूप आत्मा आपल्या यातना मुलास सांगत नाहीं. त्या सांगितल्या, तर त्यांतील अगदीं हलका शब्दही ऐकणाऱ्याचा जीव असा विदारून टाकील.

या विशेषणाचा योग्य उपयोग यावरूनच ठरतो. पुत्रशोकानें भान हरपलेली माता ‘डिस्ट्रॉट’ असते. ‘हॅरोइंग’ असते ती तिची कहाणी. पहिला शब्द सोसणाऱ्याची अवस्था सांगतो, दुसरा ऐकणाऱ्यावर होणारा आघात. मराठींत ‘हृदयद्रावक’ म्हणजे अंतःकरण वितळविणारें, ‘हृदयविदारक’ म्हणजे तें फाडणारें. ‘हॅरोइंग’ला जवळचा हा दुसरा शब्द होय. गाडी चुकली किंवा परीक्षेंत गुण कमी पडले, एवढ्यासाठीं तो खर्चीं घालूं नये. तसें केल्यास खऱ्या आपत्तीच्या वेळीं ऐकणाऱ्याचें मन त्या शब्दानें हलेनासें होतें.