सुट्टी लागली की

(भोर-वेल्हे भागातील महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललेल्या भाषेतच ठेवलं आहे.)



सांभाळायला घेतलेल्या मुलांविषयी बोल, असं मला सांगितलंय. योजनेची माहिती मी देईनच, पण मला मुख्य बोलायचंय ते सुट्टीविषयी. शाळा चालू असते तेव्हा ही मुलं कशीबशी रमतात. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली, की वर्गातली सगळी मुलं मामाच्या, आजीच्या गावाला जायच्या गप्पा मारतात, आणि आपल्याकडचं मूल गप्प होतं. तेव्हा काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी चुकले. ती चूकच आधी सांगते.

२०२२ साली पावसाळ्यात आमच्याकडे दोन भावंडं आली. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. गाव वेल्ह्याच्या वरच्या अंगाचं. बाप वारलेला. आईला टी.बी. झाला आणि ती औषधपाण्यासाठी पुण्याला भावाच्या खोलीवर गेली. त्या एका खोलीत आधीच पाच माणसं. आजी थकलेली. शेवटी बाल कल्याण समितीच्या आदेशाने मुलं आमच्याकडे आली. माझी स्वतःची दोन्ही मुलं नोकरीला बाहेर, घर मोकळं होतं.

पहिली दिवाळी आली. मी हौसेने दोघांना कपडे घेतले, पहाटे उठवून तेल-उटणं लावलं. पानात लाडू, करंजी, चकली, सगळं वाढलं. थोरलीने ताटाला हात लावला नाही. म्हणाली, "नाचणीची भाकरी हाय का?" मला राग आला. पाहुण्यांसमोर मला ते लागलं. शेजारची म्हणाली, "एवढं करूनसुद्धा तोंड वाकडंच." मी ऐकून घेतलं, आणि खरं सांगते, मनातून मला ते पटलं.

त्याच आठवड्यात तिच्या आईचा निरोप आला, भाऊबीजेला मुलांना भेटू का म्हणून. तिचा खोकला थांबला होता, औषध लागू पडलं होतं, भेटायला हरकत नाही असं डॉक्टरही म्हणत होते. मीच नको म्हटलं. आत्ता कुठे रुळताहेत, आई दिसली की पुन्हा रडारड होईल, असं मी निरोप नेणाऱ्याला सांगितलं. भाऊबीजेला थोरलीने धाकट्याला ओवाळलं आणि ती कोठीच्या खोलीत जाऊन बसली. रात्री धाकट्याने अंथरूण ओलं केलं. असं पुढे महिनाभर चाललं.

आता थोडं माझं सांगते. विषय सोडून बोलतेय असं वाटेल, पण ऐका.

माझं माहेर श्रीवर्धनचं. सुपारीची वाडी, मागच्या दारी विहीर, रात्री अंथरुणावर पडलं की समुद्राचा आवाज. १९९३ साली लग्न होऊन मी भोरला आले. सासरे माळकरी. माणूस देवासारखा, पण घरात सुक्या मासळीचा वास चालायचा नाही. तीस वर्षं मी या घरात बोंबील भाजलेला नाही. पहिल्या वर्षी गणपतीत मला माहेरी पाठवलं नाही. "जीव लागेपर्यंत नको, मग परत यायचं नाव घेणार नाही," असं सासूबाई म्हणाल्या. त्यात पावसाळ्यात वरंध घाटात दरड आली की रस्ता बंद. मी माळ्यावर जाऊन रडायचे. आणि खाली बायका काय म्हणायच्या? "एवढं चांगलं घर मिळालंय, तरी हिचं तोंड वाकडंच."

तेच शब्द! तीस वर्षांनी माझ्याच अंगणात तेच शब्द त्या पोरीसाठी बोलले गेले आणि मी मान डोलावली. सासूबाईंनी मला अडवलं त्याच कारणाने मी तिच्या आईला अडवलं. हे माझ्या ध्यानात यायला मला संक्रांत उजाडली.

इथे बसलेल्या आपण बहुतेक जणींनी हे भोगलंय. कुणीतरी ठरवतं, एका दिवसात आपलं घर बदलतं, आणि दुसऱ्या दिवसापासून "हेच आता तुझं घर" असं म्हणतात. आपण निदान अठरा-वीस वर्षांच्या तरी होतो. ही पोर नऊची होती. पुस्तकं वाचून मुलांचं मन समजून घ्यावं लागतं, ते खरंच. पण आपल्याला त्यातलं अर्धं आधीच ठाऊक आहे. आपण ते सासूपणाच्या भरात विसरतो.

आता कायद्याचं थोडक्यात. दत्तक आणि हे वेगळं. दत्तकात मूल कायद्याने आपलं होतं. इथे ते त्याच्या आईबापाचंच राहतं, आपण काही काळ सांभाळतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात याची तरतूद आहे. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे, तिला आता सावित्रीबाईंचं नाव दिलंय. २०२३ साली मुलामागे महिन्याचे ११०० रुपये वाढवून २२५० केले. या योजनेतली बहुतेक मुलं खरं तर आपल्याच आईकडे, आजीकडे, मामाकडे राहतात, परक्या घरी थोडी. पैसे वेळेवर येतात का? आमचे एकदा सात महिने आले नाहीत. कुठल्या टेबलावर थांबले होते ते सांगत बसत नाही, पण नुसत्या त्या पैशांवर कुणी मूल घेऊ नये. आणखी एक, एकट्या बायांनी नीट ऐका. २०२४ च्या केंद्राच्या नव्या सूचनांप्रमाणे ३५ ते ६० वयाची एकटी बाई, मग लग्न न झालेली असो, विधवा असो की घटस्फोटित, मूल सांभाळायला घेऊ शकते. नवऱ्याची सही लागत नाही.

तर मग पुढे काय झालं? आम्ही समितीकडे लेखी विचारलं आणि मे २०२३ मध्ये मुलांना चार दिवस आईकडे नेलं. मार्चपासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं होतं, तेवढाच आधार. मी भरल्या हाताने गेले. तांदूळ, पापड, आणि त्या बाईची ओटी भरायला नारळ. ती माझ्या पाया पडायला लागली. मी तिचे हात धरले. मला लाज वाटत होती, कारण दिवाळीत हिलाच मी नको म्हटलं होतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मला वाटलं पोरांनीच नको म्हटलं."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

मुलं परत येतील का, ही धास्ती मला चार दिवस होती. आली. आल्यावर दोन दिवस थोरली कुणाशी बोलली नाही, भांडी आपटत होती. आपणही माहेराहून आलो की दोन दिवस अशाच असतो ना? मी काही विचारलं नाही. नाचणीची भाकरी केली, कालवण केलं. तिसऱ्या दिवशी ती आपणहून सांगायला लागली, मामीने काय केलं, आईचं वजन किती वाढलं. अंथरूण ओलं व्हायचं हळूहळू थांबलं.

त्याच सुट्टीत सासूबाईंनी एक केलं, ते मला कधी सुचलं नसतं. मे महिन्यात भाटघरचं पाणी उतरतं आणि कांबऱ्याचं महादेवाचं देऊळ उघडं पडतं. सासूबाई दोघांना घेऊन गेल्या. हे धरण इंग्रजांच्या वेळचं, १९२७ सालचं. त्यांच्या सासूचं गाव त्यात गेलेलं. गाळात उभं राहून त्या म्हाताऱ्या बाईने सांगितलं, माझी सासू दर वर्षी इथे यायची आणि आमचं घर इथे होतं म्हणून जागा दाखवायची. थोरलीने विचारलं, "मग ती रडायची का?" सासूबाई म्हणाल्या, "रडायची. मग घरी येऊन भाकऱ्या करायची." मला गणपतीत अडवणारी बाई ती हीच.

नंतर मी दोघांना श्रीवर्धनला नेलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची वाडी झोपली होती. भावाने नवी रोपं लावलीत, पण सुपारी हाती यायला वर्षं लागतात. मी ओळखीची झाडं शोधत फिरत होते आणि ती नव्हती. धाकटा लाटांत खेळला. थोरली वाळूत समुद्राकडे पाठ करून बसली. मी म्हटलं, अगं, बघ तरी! ती म्हणाली, "मावशी, आमचं गाव हिथनं कुठल्या अंगाला?" मी हात करून उगवतीकडे दाखवलं. वरंध घाटात वाघजाईपाशी गाडी थांबली की मी इतकी वर्षं मावळतीकडे बघत उभी राहते, समुद्र तिथून दिसत नाही तरी. मग मीही तिच्याशेजारी पाठ करून बसले.

मावशी म्हणते ती मला. आई म्हण, असं मी कधी सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका. तिला आई आहे.

मंडळांनी काय करावं, तर फार मोठं काही नाही. गावात असं मूल कुठल्या घरी आहे ते माहीत करून घ्या. वसतिगृहातल्या मुलींचंही विचारा. सुट्टीत वसतिगृह बंद होतं आणि एखादीला जायला दारच नसतं. सुट्टी लागायच्या महिनाभर आधी भेटीची परवानगी मागा, ऐन दिवाळीत कागद हलत नाहीत. ज्यांच्याकडे आईला येण्या-जाण्याचं भाडं नाही, त्यांचं तिकीट बचत गटाने काढावं. आणि सणाला तुमच्या घरी काय करायचे, हे मुलाला आधी विचारा, म्हणजे माझ्यासारखं पान वाढल्यावर तोंडावर पडायला नको.

तिची आई आता बरी आहे, धुणीभांडी करते. खोली मिळाली की मुलं न्यायची म्हणतेय. ती गेली की माझं काय होईल, ते मी अजून कुणाशी बोललेले नाही. आज तुमच्याशी एवढंच.

या मे महिन्याचं थोरलीने ठरवून टाकलंय, आधी आठ दिवस आईकडे, मग समुद्र. वरंध उतरताना तिला मळमळतं, तेव्हा लिंबं घ्यायची आठवण तिनेच करून ठेवलीय.

ज्यांच्याकडे अशी मुलं आहेत, किंवा घ्यायची मनात आहे, त्यांनी जेवणानंतर ओसरीवर थांबा. अर्ज कसा लिहायचा ते सांगते.