बैल गेला आणि झोपा केला
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



आजच्या मंगल दिवशी चोरीचा विषय काढणे कुणाला अशुभ वाटेल. पण ज्या गोष्टीबद्दल आपण चांगल्या दिवशी बोलावयाचे टाळतो, तिच्याबद्दल पुढे पोलीस चौकीत बोलावे लागते. म्हणून आजच बोलते.

'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण आपणां सर्वांच्या तोंडी आहे. झोपा म्हणजे गोठ्याचे दार. ते कसे करावे हे त्या शेतकऱ्याला ठाऊक नव्हते असे नाही. लाकूडही बहुधा अंगणातच पडले असेल. तो फक्त 'उद्या करू' म्हणाला. आपलेही तसेच चालते. कडी ढिली झाल्याचे दिवाळीत लक्षात येते आणि संक्रांत उलटली तरी सुतार काही येत नाही.

विलंबाची कारणे मी नेहमी तीनच ऐकते. पहिले, 'आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?' मंगळसूत्र तर आहेच. शिवाय मुलांची प्रमाणपत्रे आहेत, घराची कागदपत्रे आहेत. शिवणकाम करणाऱ्या भगिनीचे यंत्र गेले तर वस्तूबरोबर तिचा रोजगारही जातो. दुकानातली उधारीची वही गेली तर येणे कुणाकडून वसूल करावयाचे?

दुसरे, 'घरात कुणीतरी असतेच.' दुपारी ते कुणीतरी म्हणजे बहुधा एकटी सासूबाई! चोर आत शिरल्यावर त्या समोर आल्या, तर प्रश्न दागिन्यांचा राहत नाही, जिवाचा होतो. माझ्या मते घाई करावयाची ती याचसाठी.

तिसरे, 'खर्च फार.' खर्चाचाही एक क्रम असतो. आधी दार भक्कम करावे. कडी-कोयंड्याचे स्क्रू लांब असावेत, न्हाणीघराच्या झरोक्याला गज असावेत, दाराला साखळी आणि बाहेरचा माणूस दिसेल असे भिंग असावे, जिन्यात दिवा असावा. मग घंटी. चौकटीवर एक तुकडा आणि दारावर लोहचुंबकाचा दुसरा. दार उघडले की दोन्ही दूर होतात आणि घंटी वाजते. दार उघडताच वाजणाऱ्या विजेच्या घंटीचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी 1853 साली घेतले होते. तेव्हा हे काही कालचे खूळ नव्हे. कॅमेरा सर्वांत शेवटी. तो चोर दाखवतो, अडवीत नाही. तो घेतलाच तर त्याच्याबरोबर आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा, वीज गेल्यावरही चालेल अशी सोय करावी, आणि त्याचे तोंड आपल्या दाराकडे असावे, शेजारणीच्या नव्हे.

आता किल्लीविषयी. पायपुसण्याखाली, तुळशीच्या कुंडीत, मीटरच्या पेटीत किल्ली ठेवण्याची आपली जुनी रीत. ती जागा आपल्याइतकीच चोरालाही पाठ असते. विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने एका घरफोडी-विम्याच्या दाव्यात असा निर्णय दिला, की जबरीने आत शिरल्याची अट करारात असेल तर नुसती चोरी झाल्याने भरपाई मिळत नाही. सबब आपल्या विम्याचे कागद एकदा वाचावेत, आणि दागिन्यांच्या पावत्या व छायाचित्रे जपून ठेवावीत. बँकेच्या लॉकरचेही तसेच. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे तिथे चोरी झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते.

दुकानदार बंधूंना एवढेच सांगणे, की गल्ल्यात रात्री रोकड ठेवू नये, शटरला दोन्ही बाजूंनी कुलूप असावे, आणि नोकर सोडून गेला की कुलूप बदलावे. आपल्या मंडळाच्या मसाला केंद्रालाही हे सारे लागू आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगते. काही हरवले की पहिला संशय धुणेभांडी करणाऱ्या बाईवर जातो. दार आपण उघडे टाकावे आणि डाग तिच्या नावाला लागावा, हा अन्याय आहे. नीट लावलेले कुलूप तिचीही अब्रू राखते.

शेवटी एक सूचना मांडते. आपल्या आळीत एकट्या राहणाऱ्या वृद्ध भगिनींच्या घरून शेजारच्या घरात वाजेल अशी घंटी बसवावी, आणि तिचा खर्च मंडळाने व शेजाऱ्यांनी मिळून करावा. घंटी वाजली तर कुणी एकट्याने चोराच्या अंगावर धावून जाऊ नये. आरडाओरडा करावा, दिवे लावावेत आणि 112 क्रमांकावर पोलिसांना कळवावे. ज्यांना घंटी हवी आहे आणि ज्या शेजारधर्म म्हणून ती आपल्या घरात लावून घेण्यास तयार आहेत, अशा दोघींनीही सभा संपताच कार्यवाह बाईंकडे नावे द्यावीत. वही त्यांच्यापाशी आहे.