जखमेवरचा टक्का
(उमरीच्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘वकील आणि समाज’. विषय गोड आहे. हार घालून घ्यायला बरा. पण मी आज हार घ्यायला आलेलो नाही. कबुली द्यायला आलोय.

तुमचं उमरी इतिहासात आहे ते एका बँकेमुळं. १९४८ च्या जानेवारीत निजामाविरुद्ध लढणाऱ्यांनी इथली बँक लुटली. ती लूट स्वातंत्र्यासाठी होती. मी बोलणार आहे दुसऱ्या लुटीबद्दल. हिच्यात बंदूक नसते. काळा कोट असतो, शाईचं पॅड असतं आणि पासबुक लुटल्या जाणाऱ्याच्याच नावावर असतं.

वकिलीच्या पहिल्या वर्षी मी एका सीनिअरकडं ज्युनिअर होतो. अपघाताच्या भरपाईचे दावे हे त्याचं मुख्य दुकान. एका सकाळी त्यानं मला सरकारी दवाखान्यात पिटाळलं. ऊसतोडीला निघालेल्या माणसांची ट्रॉली उलटली होती. पोस्टमॉर्टेमच्या खोलीबाहेर एक बाई नवऱ्याची चप्पल हातात धरून बसली होती. मी तिच्यापुढं कागद धरले. कोरं वकीलपत्र, कोरा स्टॅम्प पेपर, आणखी दोन-तीन.

ती म्हणाली, “बाबा, कशावर अंगठा लावायलेय मी?”

मी म्हणलं, “मावशी, तुमच्या भल्याचंच हाय.”

“तू आपल्यातलाच ना?”

“हो मावशी. जयभीम.”

तिनं सगळ्या कागदांवर अंगठा दिला. दोस्तांनो, त्या दिवशी मी जयभीम विकला.

चार वर्षांनी निकाल लागला. रक्कम तिच्या खात्यात आली. तिला जीपमधून बँकेत नेलं आणि जीपमध्येच वाटे पडले. तीस टक्के सीनिअरचे, दहा टक्के एजंटचे, वर कोर्टखर्च. तिच्या हातात किती पडले ते तिला कळलं. कोर्टानं किती दिले होते ते कुणीच सांगितलं नाही. मीही नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे १९७५ चे नियम सांगतात, निकालावर अवलंबून असलेली फी वकिलानं ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा मागायचा नाही. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवायचा आणि मागितला की त्याची प्रत द्यायची. गिऱ्हाईक आणायला दलाल ठेवायचा नाही. हे नियम वकिलांच्या कपाटात आहेत. वस्तीत कुणी वाचून दाखवलेत?

तुम्ही म्हणाल, गरिबाकडं आधी द्यायला पैसा कुठाय? टक्का आहे म्हणून तर वकील उभा राहतो. अमेरिकेत तर हे कायदेशीर आहे. दोस्तांनो, हा प्रश्न खोटा नाही, म्हणून त्याला शिव्या देऊन भागणार नाही. पण टक्क्यानं वकील नोकराचा भागीदार होतो. जखम तिची, वाटा त्याचा. मग तडजोड कधी करायची हे तिची गरज ठरवत नाही, त्याची घाई ठरवते. आणि आपल्याला दुसरा रस्ता आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही जातीच्या बाईला, उत्पन्न किती हे न बघता, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तिथं चपला झिजतात, हे मला माहीत आहे. पण रस्ता खराब आहे म्हणून कुणी दरोडेखोराच्या गाडीत बसत नाही.

इथून पूर्वेला तेलंगण लांब नाही. तिथल्या एका विधवेची गोष्ट. १९९८ साली नवरा अपघातात गेला. भरपाई मिळाली. वकिलानं दहा लाख फी घेतली, आणि २०१४ साली वर तीन लाखांच्या चेकवर सही करून घेतली. खात्यात पैसे नाहीत असं ती सांगत होती. चेक वटला नाही, तेव्हा वकिलानं तिलाच आरोपी केलं. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. डिसेंबर २०१७ मध्ये कोर्टानं तो खटला रद्द केला आणि सांगितलं, मिळालेल्या रकमेच्या टक्क्यावर फी मागणं हे लोकहिताविरुद्ध आहे, व्यावसायिक गैरवर्तन आहे. एक बाई लढली म्हणून हे छापलं गेलं. बाकीच्यांचं जीपमध्येच मिटतं.

पण फक्त पैसा खाल्ला नाही म्हणजे वकील नीतिमान झाला, असंही नाही. आळसही खून करतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर. ती बाई फडातून येताना ट्रकखाली मेली तर वकील अर्जात लिहितो, ‘धंदा – घरकाम’. झालं! पहाटे तीनपासून मोळ्या वाहणारी बाई कागदावर बिनकमाईची झाली. खरं तर जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामालाही कमाई धरा म्हणून सांगितलंय. मग ऊसतोड, खुरपणी, म्हशीचं दूध कुठं गेलं? मुकादमाला साक्षीला बोलवायचा कंटाळा आला, म्हणून तिची अर्धी किंमत पुसली. वकिलानं जखमीला नीट प्रश्न विचारणं हीसुद्धा नीती आहे.

आणि तिला न विचारता तडजोड? १९८४ ला भोपाळमध्ये वायू फुटला. काही दिवसांत अमेरिकेचे वकील विमानानं उतरले आणि झोपडपट्ट्यांमधून अंगठे गोळा करत फिरले. मग १९८५ साली सरकारनं कायदा करून स्वतःच सगळ्यांचं वकीलपत्र घेतलं. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांची फुप्फुसं जळाली त्यांना कुणी विचारलं? आपल्या लोकअदालतीतही तेच होतं. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून तिथं सही करण्याआधी आकडा अशिलाच्या भाषेत सांगणं हे वकिलाचं पहिलं काम.

आता तुमच्याकडं वळतो. रागावू नका. अपघात झाला की आधी कोण पोचतं? आपलीच पोरं. केस आणून दिली की किती मिळतात, ह्याचा भाव तुमच्यातल्या काहींना तोंडपाठ आहे. छातीवर निळा बिल्ला आणि खिशात कोरं वकीलपत्र! सवर्ण वकील लुटतो तेव्हा आपण मोर्चा काढतो. आपला लुटतो तेव्हा त्याच्या गाडीला हार घालतो. बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचा दावा १९२७ पासून हायकोर्टाच्या १७ मार्च १९३७ च्या निकालापर्यंत लढवला. पाण्यात किती टक्के मागितले?

मागच्या महिन्यात मी त्या मावशीच्या वस्तीवर गेलो. निकालाची प्रत नेली आणि मंजूर झालेला आकडा वाचून दाखवला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “म्हंजे पोरगं शाळेतून काढायची गरज नव्हती.” तिच्या नावानं महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडं तक्रार केली आहे. मजकूर मी लिहिला. कागदांवर अंगठे कुणी घेतले, ह्या रकान्यात माझं नाव आहे. सनद राहील की जाईल, माहीत नाही.

तुम्ही एवढंच करा. दवाखान्यात जा, पण कागद घेऊन नाही, पाणी घेऊन जा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, देऊ देऊ नका. फी लिहून घ्या, पावती घ्या. निकालाची प्रत बाईच्या हातात पडेपर्यंत तिच्याबरोबर थांबा. आणि ती वाचून दाखवा. मोठ्यानं. सगळ्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

जयभीम.