उमेदवाराचा धर्म आणि मतदाराचा प्रश्न
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



१९९८ च्या लोकसभा निवडणुकीत वऱ्हाडाने जे केले त्याची पुरेशी नोंद पुरोगामी चळवळीनेही घेतलेली नाही. अमरावतीतून रा. सु. गवई आणि अकोल्यातून प्रकाश आंबेडकर निवडून आले. दोघेही रिपब्लिकन, दोघेही बौद्ध आणि दोन्ही मतदारसंघ त्या वेळी खुले. त्याच निवडणुकीत चिमूरहून जोगेंद्र कवाडे व उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले हेही खुल्या जागांवरूनच लोकसभेत गेले. काँग्रेसशी झालेला समझोता त्यामागे होता, हे खरे. परंतु समझोता नेत्यांच्या बैठकीत होतो. मतपत्रिकेवर शिक्का मारताना कुणबी, माळी, मराठा, मुसलमान मतदार एकटाच असतो. ज्यांच्या घरात मारुतीची तसबीर आहे अशा हजारो माणसांनी, ज्यांनी हिंदू देवदेवता न मानण्याची प्रतिज्ञा घेतली आहे त्या समाजाच्या माणसाला आपला प्रतिनिधी केले.

आज मात्र प्रचाराला निघालेल्या कार्यकर्त्याला पारावर एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: ‘उमेदवाराचा धर्म कोणता?’ हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण जातीयवादी असतो असे समजणे चूक आहे. आपल्यापेक्षा निराळी श्रद्धा असलेल्या माणसाच्या हाती सत्ता देताना मनात शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे समाधान करता येते. ती विचारणाऱ्याला हिणवून मत मात्र मिळत नाही.

ही शंका काही वऱ्हाडचीच नाही. अमेरिकेत मॉर्मन पंथाच्या उमेदवारांना ती शंभराहून अधिक वर्षे भोगावी लागली. १८३० मध्ये जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केलेला हा पंथ बायबलच्या जोडीला स्वतःचा वेगळा धर्मग्रंथ मानतो. बहुपत्नीत्वाची प्रथा त्याने १८९० मध्ये अधिकृतपणे सोडली. पंथाच्या सर्वोच्च मंडळातील रीड स्मूट १९०३ मध्ये सिनेटवर निवडून गेले, तेव्हा १९०७ पर्यंत त्यांची चौकशी चालली. हा गृहस्थ राज्यघटनेची आज्ञा पाळणार की धर्मपीठाची, हा त्या चौकशीचा गाभा होता. अखेर त्यांची जागा कायम राहिली. २०१२ मध्ये मिट रॉम्नी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हाही कुजबुज तीच होती.

या कुजबुजीत दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या होत्या. रॉम्नी कोणता ग्रंथ वाचतात, मृत्यूनंतरच्या जीवनाविषयी काय मानतात, ही त्यांची खाजगी बाब. परंतु त्यांचा पंथ अनुयायांकडून उत्पन्नाचा दशांश घेतो. कृष्णवर्णीय पुरुषांना त्याने १९७८ पर्यंत पौरोहित्य नाकारले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाविरुद्धच्या सार्वमतात तो संघटितपणे उतरला. रॉम्नी स्वतः त्या पंथाचे स्थानिक पदाधिकारी राहिलेले होते. अशा उमेदवाराला, ‘ही संस्था तुमच्यावर कोणती आज्ञा चालवते आणि तिच्या अन्यायाविरुद्ध तुम्ही कधी बोललात काय?’ असे विचारणे हा मतदाराचा हक्कच आहे. श्रद्धेची झडती घेणे निराळे आणि श्रद्धेच्या नावावर उभ्या असलेल्या सत्तेचा व पैशाचा हिशेब मागणे निराळे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा वाटावा.

अमेरिकेच्या घटनेने सार्वजनिक पदासाठी धर्माची कसोटी लावण्यास स्पष्ट मनाई केली आहे. आपल्या घटनेनेही उमेदवाराला ईश्वरसाक्ष शपथ घेण्याची किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची मुभा ठेवली. तरीही या देशात एका ठिकाणी खुद्द कायदाच उमेदवाराचा धर्म विचारतो, आणि त्या विचारण्याची मोठी किंमत विदर्भाने मोजली आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात मात्र अट होती की हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ मध्येच तीत शिखांना सामावून घेतले गेले. बौद्ध बाहेर राहिले. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या राखीव जागेवरून डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. ते बौद्ध झाले आहेत, सबब राखीव जागेला अपात्र आहेत, अशी तक्रार एका मतदाराने केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जुना धर्म सोडून नवा स्वीकारल्याचे जाहीरपणे सांगितले की तो धर्म मानला असेच धरावे लागते; विधी यथासांग झाला की नाही हे तपासण्याचे कारण नाही, असा निर्णय १९६४ मध्ये झाला. मेश्रामांची निवड गेली. निकालपत्र न्या. ज. र. मुधोळकरांचे होते. १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष, अमरावतीचे र. न. मुधोळकर यांचे ते चिरंजीव.

न्यायमूर्तींनी कायद्याचा अर्थ लावला. दोष कायद्याचा होता. पण या निकालाशेजारी याच अमरावतीतली आणखी एक घटना ठेवून पाहावी. नोव्हेंबर १९२७ मध्ये इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती आणि प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. तेव्हा हा समाज ‘आम्ही हिंदू आहोत, आत येऊ द्या’ म्हणत होता आणि दार बंद होते. सदतीस वर्षांनी त्याच समाजाचा माणूस ‘मी हिंदू नाही’ म्हणाला, तर विधानसभेचे राखीव दार बंद झाले. पुढे राखीव जागा लढवायची तर बौद्ध माणसाने कागदावर हिंदू राहावे, अशी अपमानास्पद तडजोड कितीकांच्या वाट्याला आली. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने १९९० मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे ती संपली. मधल्या काळात एक पिढी म्हातारी झाली.

विसंगती तर पाहा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार धर्माच्या नावावर मत मागणे, तसेच ‘अमक्या धर्माचा आहे म्हणून त्याला मत देऊ नका’ असे उमेदवाराने वा त्याच्या संमतीने सांगणे, हा भ्रष्टाचार ठरतो. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने, चार विरुद्ध तीन अशा मताने का होईना, या बंदीची कक्षा मतदाराच्या धर्मापर्यंत नेली. जो प्रश्न सभामंचावर निषिद्ध, तोच राखीव जागेचा अर्ज भरताना कायदेशीर!

सभामंचावरची बंदी कितपत पाळली जाते हे अमरावतीकरांनी पाहिलेच आहे. एप्रिल २०२२ मध्ये येथील तत्कालीन खासदार नवनीत राणा आणि आमदार रवी राणा यांनी मुंबईत मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानासमोर हनुमान चालिसा म्हणण्याची घोषणा केली. दोघांना अटक झाली आणि कापसाच्या व संत्र्याच्या जिल्ह्याचे राजकारण कित्येक दिवस एका स्तोत्राभोवती फिरत राहिले. अटकेचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण मारुतीवरची श्रद्धा ही त्या दाम्पत्याची खाजगी बाब होती आणि ती राजकीय चौकात आणली ती त्यांनी स्वतः. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे जातप्रमाणपत्र वैध ठरवले. निवडणूक मात्र त्या सुमारे वीस हजार मतांनी हरल्या.

याच्या उलट, गप्प राहणाऱ्यालाही धर्म चिकटवला जातो. रा. सु. गवईंचे पुत्र, अमरावतीत जन्मलेले भूषण गवई, २०२५ मध्ये देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले. खजुराहोतील विष्णुमूर्तीच्या प्रकरणातील त्यांच्या उद्गारांवरून काहूर उठवले गेले. आपण सर्व धर्मांचा आदर करतो, असे त्यांनी सांगितले. तरीही ६ ऑक्टोबर २०२५ रोजी भर न्यायालयात एका वकिलाने त्यांच्या दिशेने जोडा फेकण्याचा प्रयत्न केला.

थोडे आपल्याकडेही पाहावे लागेल. अकोल्यातून १९९९ मध्ये प्रकाश आंबेडकर पुन्हा निवडून आले. त्यानंतर ते तेथून पुन:पुन्हा पराभूत झाले. ‘बौद्ध म्हणून इतरांनी मत दिले नाही’ हे त्याचे सोपे उत्तर पुरोगामी बैठकांतून सर्रास दिले जाते. १९९८ आणि १९९९ मध्ये ते बौद्ध नव्हते काय? ज्याला अकोला पॅटर्न म्हटले गेले त्याचा आधार छोट्या ओबीसी जाती आणि बंजारा यांच्याशी जोडलेले नाते हा होता. ते नाते का विरले, मते कोठे विभागली, कापसाच्या भावाचा आणि सिंचनाच्या अनुशेषाचा प्रश्न घेऊन कोण किती वेळा गावात गेले, याचा हिशेब अवघड आहे. म्हणून धर्माचे कारण पुढे केले जाते. विरोधकाच्या हाती ते शस्त्र असते, तर आपल्या हाती ती सबब होते.

तेव्हा पारावर प्रश्न आला तर तो टाळू नये. उमेदवाराचा धर्म सांगावा आणि पुढे विचारावे की कोणत्या मठाने, मंडळाने किंवा ट्रस्टने त्याच्यासाठी पैसा वा आदेश पाठवला आहे. आपल्या समाजाच्या अन्यायी रूढीविरुद्ध तो कधी उभा राहिला काय. हाच प्रश्न बहुसंख्यांच्या धर्माच्या उमेदवारालाही विचारावा. सहसा तो त्याला कोणी विचारीत नाही.

आणि कायद्याकडून अजून एक येणे बाकी आहे. १९५० च्या आदेशातील अट बौद्धांपुरती सुटली, ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांसाठी ती कायम राहिली. त्यावर विचार करण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. अमरावती लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. एकाच वस्तीतील दोन भावांपैकी एक बौद्ध आणि दुसरा ख्रिस्ती झालेला असेल, तर २०२४ मध्ये पहिल्याला येथून उमेदवारी अर्ज भरता येत होता; दुसऱ्याला नाही.