घरच्या यंत्रावर छापलेलीं पाकिटें

घरांत लग्नकार्य निघालें म्हणजे दोनअडीचशें पाकिटांवर पत्ते लिहिण्याचें काम सुवाच्य अक्षराच्या माणसाकडे येतें. शंभराव्या पाकिटापर्यंत पोंचतां पोंचतां त्याचा हात अवघडतो आणि अक्षरही बिघडूं लागतें. आतां पुष्कळ घरीं इंकजेट प्रिंटर असतो व हें काम त्याच्यावर सोंपवितां येतें. परंतु त्या यंत्राचा स्वभाव जाणून घेतल्यावांचून असें करणें धोक्याचें आहे. कारण पत्ता पुसला कीं आंतील पत्र निराधार झालें.

या यंत्रांत अक्षरांचा ठसा उमटविला जात नाहीं. अतिसूक्ष्म छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर उडविले जातात. कांहीं यंत्रांत शाईला क्षणभर उष्णता देतात. त्यामुळें बुडबुडा उत्पन्न होतो व त्याच्या रेट्यानें थेंब बाहेर पडतो. शाईचेही दोन प्रकार आहेत. पाण्यांत रंग विरघळवून केलेली शाई भिजतांच पसरते. जींत रंगाचे बारीक कण मिसळलेले असतात, ती वाळल्यावर पाण्यास सहसा दाद देत नाहीं. अनेक घरगुती यंत्रांत काळी शाई कणांची व रंगीत शाई विरघळणारी असते. म्हणून पत्ता काळ्या शाईंतच छापावा. रंगांची हौस वेलबुट्टीवर भागवावी. एक पाकीट छापून रात्रभर वाळूं द्यावें व त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावें. अक्षरें पसरलीं, तर पावसाळ्याच्या दिवसांत प्रत्येक पत्त्यावरून मेणबत्ती हलकेच फिरवावी.

पाकीट साध्या कागदाचें घ्यावें. चकचकीत कागदावर शाई लवकर वाळत नाहीं. २२० मिलिमीटर लांब व ११० मिलिमीटर रुंद पाकिटांत ए-४ कागदाची तिहेरी घडी नीट बसते. छपाईपूर्वीं हें माप यंत्रास सांगावें. एरवीं पत्ता भलत्याच जागीं उमटतो. पाकिटांतील हवा हातानें दाबून काढावी, कडा सपाट कराव्या आणि एका वेळीं थोडींच पाकिटें घालावीं. जाड सांध्याशीं छपाईचें तोंड घासून डाग पडतात. पाकीट कोणत्या बाजूनें घालावें, हें यंत्रागणिक बदलतें. म्हणून पाकिटाएवढ्या रद्दी कागदावर पेन्सिलीची खूण करून पहिली छपाई त्यावर करावी.

पत्त्याच्या शेवटीं सहा आंकडी पिनकोड अवश्य असावा. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यांतील अधिकारी व संस्कृत कवि होते. एकाच नांवाचीं अनेक गांवें आणि पत्त्यांच्या नाना भाषा व लिप्या, यांतून वाट काढण्यासाठीं ही योजना झाली. पहिला आंकडा मोठा विभाग दाखवितो. महाराष्ट्र व गोवा यांचे पिनकोड ४ नें सुरू होतात. शेवटचे तीन आंकडे टपालकचेरी दाखवितात. एक आंकडा चुकला तरी पत्र दुसऱ्याच गांवीं जाऊं शकतें.

येथें यंत्राचा दुसरा दोष ध्यानांत येतो. हातानें लिहितांना झालेली चूक बहुधा एका पाकिटापुरती राहते. संगणकावरील यादींत नांवांचा रकाना एक घर सरकला, तर शंभर नांवें शंभर भलत्या पत्त्यांवर छापलीं जातात, आणि तींही सुबक अक्षरांत! यास्तव टपालांत टाकण्यापूर्वीं एकानें यादी वाचावी व दुसऱ्यानें पाकिटें पाहावीं.

पूर्वीं पाकीट हातीं येतांच अक्षरावरून पाठविणाऱ्याची ओळख पटत असे. छापील पत्त्यांत तो जिव्हाळा येत नाहीं. घरच्या छपाईनें जो वेळ वांचेल, त्यांतला थोडा निमंत्रणाखालीं दोन ओळी स्वहस्तें लिहिण्यास द्यावा. दूरगांवच्या वृद्ध आत्याबाई पत्रिका उघडतील, तेव्हां त्या आधीं त्याच दोन ओळी वाचतील.